मांडवीवरची जेवणाची बोट: तिकिटात नदी किती, गाणं किती?

दिवाळीची सुट्टी लागली किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून गोव्याकडे निघणाऱ्या गाड्या वाढतात. दिवसा देवळं आणि समुद्र होतो. पणजीतली संध्याकाळ मोकळी राहिली की घरातलं कुणीतरी विचारतंच, बोटीत जायचं का? मांडवी नदीत दोन तासांची फेरी, त्यातच जेवण आणि गोव्याचं लोकसंगीत, अशी जाहिरात प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर ठेवलेली असते. जाऊन आलेल्यांमध्ये मात्र दोन तट दिसतात. एक म्हणतो, पैसे वसूल. दुसरा म्हणतो, लोकसंगीत म्हणून गेलो आणि डीजे ऐकून आलो. गंमत म्हणजे दोघं एकाच बोटीत बसलेले असू शकतात. फरक पडतो तो तिकीट काढताना काय विचारलं यावर.

सीमाभागातल्या माणसाला ही नदी परकी नाही. चोर्ला घाटातून जाणाऱ्याला तिचं खोरं वाटेतच लागतं. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत रस्ता घाटाकडे जातो. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. खानापूर तालुक्यातल्याच भीमगडच्या जंगलातलं पाणी मात्र म्हादई होऊन पश्चिमेला सत्तरीत उतरतं, आणि खाली पणजीकडे तिलाच मांडवी म्हणतात. म्हणजे एकाच तालुक्यातल्या पावसाचा एक वाटा बंगालच्या उपसागराला जातो आणि दुसरा अरबी समुद्राला. या दुसऱ्या वाट्यावरून कर्नाटक आणि गोव्यात किती वर्षं तंटा चालू आहे, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं, तरी प्रकरण मिटलेलं नाही. बोटीवर शेजारच्या टेबलाला गोव्याचं कुटुंब असेल, तर हा विषय जेवण होईपर्यंत न काढलेला बरा.

बोटी तीन तऱ्हेच्या, आणि घोळ तिथेच

पणजीचं कदंब बसस्थानक आणि मांडवीवरचे पूल अगदी लगत आहेत. पुलांच्या सावलीतच सांता मोनिका जेट्टी आहे. बसने आलेला माणूस चालत पोचतो. संध्याकाळी इथे आणि आसपासच्या धक्क्यांवर दिव्यांनी लखलखलेल्या इतक्या बोटी दिसतात की नवखा माणूस गोंधळतो. त्यांतली कोणती कसली, हे आधी ठाऊक असलेलं चांगलं.

पहिली तासाभराची फेरी. ही संध्याकाळपासून एकामागून एक सुटते, स्वस्त असते, आणि सहलीच्या बसमधून आलेली बहुतेक माणसं हिच्यातच बसतात. दुसरी जेवणाची फेरी. ही साधारण दोन तासांची, रात्री साडेआठच्या सुमारास सुटणारी, आणि बहुधा दिवसाला एकच. तिसरी म्हणजे कॅसिनोची बोट. ती फेरी नव्हेच. नदीत नांगर टाकून उभी असलेली ही मोठी जहाजं आहेत. तिथे छोट्या बोटीने नेतात आणि परत आणतात. तिच्याही प्रवेशाच्या पैशांत जेवण आणि करमणुकीचा कार्यक्रम असतो, त्यामुळे रस्त्यावरचा एजंट ‘डिनर, डान्स, बोट’ असे तीन शब्द उच्चारून मोकळा होतो आणि ऐकणारा फसतो. जुगाराच्या जागेत २१ वर्षांखालच्यांना जाता येत नाही. मुलंबाळं घेऊन गेलेल्या कुटुंबाच्या हातात असलं तिकीट पडलं तर संध्याकाळ वाया. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: बोट चालते की उभी असते?

वेळेचीही एक गोष्ट आहे. पणजीत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे-जूनमध्ये सातच्या आसपास. साडेआठला सुटणाऱ्या जेवणाच्या बोटीतून सूर्यास्त कोणत्याच महिन्यात दिसायचा नाही. जाहिरातीवरचा केशरी आभाळाचा फोटो तासाभराच्या फेरीचा असतो. सूर्यास्त हवा तर तो त्या फेरीत बघावा आणि जेवण किनाऱ्यावर करावं. दोन्ही एकाच तिकिटात मिळेल असं कुणी म्हणालं, तर सुटण्याची वेळ विचारावी.

अंधारातली पणजी

बोट जेट्टीवरून सुटून बहुधा समुद्राच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला जाते. त्यामुळे जाताना डाव्या हाताला पणजी शहर आणि उजव्या हाताला बेती, वेरे, रेइश मागुश हा पैलतीर. परतताना हेच उलटं. शहराच्या बाजूला आदिलशहाचा जुना वाडा लागतो. पुढे त्यात सचिवालय होतं. मग कांपालचा झाडांचा पट्टा आणि चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमी. पलीकडे उंचावर रेइश मागुशचा किल्ला. १५५१ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला बराच काळ तुरुंग म्हणून वापरात होता. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. रात्री त्याच्यावर दिवे सोडलेले असले तर नदीतून तो फार देखणा दिसतो. पुढे नदी रुंद होत जाते, आग्वादच्या बाजूने वारा लागतो, बोट थोडी डुलायला लागते आणि तिथूनच बहुधा माघारी वळते.

मागे राहिलेल्या पुलांकडे मात्र सुटतानाच बघून घ्यावं. मांडवीवरचा पहिला पूल १९७० चा. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. दुसरा पूल १९९२ मध्ये सुरू होईपर्यंत पणजीहून म्हापशाकडे जायचं तर फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागे. पन्नाशीपुढच्या गोवेकराला त्या रांगा अजून आठवतात. नंतर १९९८ मध्ये आणखी एक पूल आणि २७ जानेवारी २०१९ रोजी तारांवर तोललेला अटल सेतू आला. आज तिन्ही पुलांवरून मिनिटा-दोन मिनिटांत नदी ओलांडली जाते, त्यामुळे ही नदी किती रुंद आहे ते बोटीत बसल्याशिवाय कळत नाही.

‘लोकसंगीत’ या शब्दात काय काय भरतात

आता मुख्य मुद्दा. तिकिटावर किंवा फलकावर ‘गोव्याचं लोकसंगीत व लोकनृत्य’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तासाभराच्या फेरीत काय होतं, ते एकदा घड्याळ लावून बघण्यासारखं आहे. पहिली काही मिनिटं माणसं बसण्यात जातात. मग निवेदक माइक हातात घेतो. लहान मुलांना नाचायला बोलावतो, मग जोडप्यांना, मग फक्त बायकांना, मग फक्त पुरुषांना. गाणी हिंदी सिनेमाची आणि अलीकडे पंजाबी. मधेमधे दोन-तीन लोकनृत्यं, प्रत्येकी चार-पाच मिनिटांची. म्हणजे साठातली पंधरा मिनिटं धरली तरी खूप झाली. आणि त्या पंधरा मिनिटांतही नाचणारे समोर असतात, पण गाणं पुष्कळ बोटींवर ध्वनिमुद्रित असतं. ‘लाइव्ह’ हा शब्द नाचाला लागू होतो, गाण्याला होईलच असं नाही.

समोर जे नाच येतात, ते कुणाचे आणि कुठले हे निवेदक क्वचितच सांगतो. सांगितलं तर त्यांची गोडी दुप्पट होईल. जोडीजोडीने गरगर फिरत केला जाणारा कॉरिडिन्यो हा मूळचा पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह भागातला. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात तो रुजला आणि आता ‘गोव्याचं लोकनृत्य’ म्हणून दाखवला जातो. लोकनृत्य खरंच, फक्त लोक दुसरीकडचे होते. कुणबी नाच इथल्या मूळच्या शेतकरी समाजाचा. खांद्यावर गाठ मारलेलं तांबड्या चौकटीचं लुगडं ही त्याची ओळख. डोक्यावर पेटती समई तोलून केलेला नाच देवळातून आला. फुगडी तर आपल्याकडचीच. चतुर्थीला, व्रतवैकल्याला बायका घालतात ती. तिला मुळात वाद्य लागत नाही, हातांची टाळी आणि तोंडातला हुंकार पुरतो. बोटीवर तिच्याखाली कीबोर्डचा ठेका सोडलेला ऐकला, की खानापूरकडच्या आजीबाई पदर तोंडाशी लावून हसल्या नाहीत तरच नवल.

आणि मग देखणी. बोटीवर बघायची एकच गोष्ट निवडायची झाली तर ही. सजून-धजून निघालेली एक नर्तकी नदीकाठी येते. पैलतीरावर दामूचं लग्न आहे, तिला तिथे पोचायचं आहे. ती नावाड्याला विनवते, तो नकार देतो. ती अंगावरचा एकेक दागिना देऊ करते, तरी तो ऐकत नाही. अशी ही गोष्ट. ‘हांव सायबा’ या नावाने ती गोव्यातल्या घराघरांत ठाऊक आहे आणि कार्लुश एउजेनियु फेरैरा यांच्या नावावर मोजली जाते. मराठी माणसाला तिची चाल ओळखीची वाटते ती राज कपूरच्या १९७३ च्या ‘बॉबी’मुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तिच्याच आधाराने त्यातलं एक गाणं बांधलं. सिनेमातलं गाणं म्हणून लोक टाळ्या वाजवतात. पण ती नदी ओलांडू न शकलेल्या बाईची गोष्ट आहे, हे मांडवीच्या मध्यावर, तीन पुलांच्या साक्षीने, बसलेल्या दोनशे माणसांतल्या किती जणांना कळतं? निवेदकाने अर्धं मिनिट खर्च केलं तरी कळेल.

या नर्तकीचं पात्र देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातलं आहे. त्याच समाजातून पुढे केसरबाई केरकर, मोगुबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या. बोटीवरच्या चार मिनिटांच्या नाचामागे एवढं सगळं उभं आहे.

मांडो बोटीवर ऐकायला मिळाला तर नशीब म्हणायचं. १९व्या शतकात सासष्टीतल्या सुखवस्तू ख्रिस्ती घरांत तो बहरला. कुडतरी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. संथ, आर्जवी, विरहाचा सूर असलेला. स्त्री-पुरुष समोरासमोर रांगा करून पावलं टाकतात, साथीला व्हायोलिन आणि घुमट. त्यानंतर लगेच दुल्पद घेतात. ते जलद, थट्टेखोर, गावातल्या भानगडी गाणारं असतं. जेवणाच्या बोटीवर मांडो खरं तर फार शोभेल. ताटं समोर आहेत, माणसं बसलेली आहेत, ऐकायला उसंत आहे. पण संथ गाण्यावर लोक उठून नाचत नाहीत, म्हणून तोच आधी गळतो.

घुमट वाजतं का ते बघा

गाणं खरोखर समोर गायलं जातंय का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. घुमट दिसतं का ते बघायचं. मातीचं मडक्यासारखं हे वाद्य. एका बाजूचं मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरीकडचं लहान तोंड उघडं. वाजवणारा एका हाताने थाप देतो आणि दुसऱ्या तळहाताने ते लहान तोंड झाकत-उघडत आवाज फिरवतो. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागे. वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे १९७२ नंतर, घोरपड मारणं गुन्हा ठरलं आणि हळूहळू बकऱ्याचं कातडं आलं. जुने वादक म्हणतात आवाज तसा राहिला नाही, पण वाद्य टिकलं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला.

मराठी वाचकाचं घुमटाशी आणखी जवळचं नातं आहे. गोव्यात गणपतीत घुमट, शामेळ आणि कासाळं यांच्या साथीवर आरत्या म्हणतात, आणि त्या आरत्या मराठीत असतात. बोलणं कोकणीत, आरती मराठीत, ठेका घुमटाचा. कुठली भाषा कुणाची यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा ती आरती ऐकावी. तेच घुमट ख्रिस्ती घरात मांडोला साथ करतं.

नदीवर हे वाद्य सांभाळणं सोपं नाही. रात्रीच्या दमट वाऱ्याने कातडं सैल पडतं आणि थाप बसते तेव्हा ‘घुम’ऐवजी ‘धप’ येतं. वादकाला ते मधेच शेकून घ्यावं लागतं. बोटीवर उघडी शेगडी ठेवता येत नाही. शेजारी डीजेचा स्पीकर चालू असेल तर घुमटाचा आवाज दहा फुटांवरही पोचत नाही. हातातलं घुमट माइकवर नीट घ्यायचं तर आवाजाची यंत्रणा सांभाळणारा माणूसही जाणकार लागतो. या सगळ्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा, असं बोटवाल्याला वाटलं तर त्यात नवल नाही.

हिशोब मांडून बघू

पण पैशाच्या अंगाने बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. बोटीचा मोठा खर्च माणसांवर ठरत नाही. डिझेल, तांडेल-खलाशांचा पगार, धक्क्याचं भाडं, कर्जाचा हप्ता, हे बोट भरली तरी तेवढंच आणि अर्धी रिकामी गेली तरी जवळपास तेवढंच. म्हणून बोटवाल्याची सगळी धडपड एका संध्याकाळी जास्तीत जास्त फेऱ्या काढण्याची असते. जेवणाची फेरी दोन तास घेते. तेवढ्यात तासाच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या. जेवणाचं तिकीट महाग असतं ते केवळ जेवणामुळे नाही, तर या बुडालेल्या फेऱ्यांमुळेही.

उदाहरणादाखल आकडे धरू. हे कुठल्या बोटीचं दरपत्रक नाही, हिशोब कळावा एवढ्यापुरते आहेत. तासाच्या फेरीचं तिकीट ५०० रुपये आणि प्रवासी २००, म्हणजे फेरीला १ लाख, दोन फेऱ्यांचे २ लाख. जेवणाच्या वेळी टेबलं मांडावी लागतात, म्हणून माणसं कमी बसतात, समजा १५०. प्रत्येकाच्या जेवणाचा खर्च ३५० धरला तर ५२,५०० रुपये. एकूण २,५२,५०० रुपये दीडशे जणांकडून यायला हवेत, म्हणजे माणशी जवळपास १,७०० रुपये. तिकीट तिप्पट का, याचं उत्तर इथे आहे. जेवण त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

आता याच हिशोबात पाच कलाकारांचं पथक घाला. गाणारे दोन, व्हायोलिन, गिटार, घुमट. प्रत्येकाला संध्याकाळचे २,००० दिले तर १०,००० रुपये. दीडशे जणांत वाटले की माणशी ६७ रुपये. बोटीवर थंड पेयाची एक बाटली घेतली तर याच्या आसपास पैसे जातात. म्हणजे ज्या गोष्टीचं नाव घेऊन तिकीट विकलं जातं, ती तिकिटातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट आहे, आणि काटछाट झाली की कात्री आधी तिच्यावरच चालते. कारण सरळ आहे. जेवण कमी पडलं तर लोक भांडतात, एसी बंद पडला तर भांडतात. घुमट नव्हतं म्हणून आजवर कुणी काउंटरवर जाऊन भांडल्याचं ऐकिवात नाही. उलट नाचायला गाणी लावा म्हणून आरडाओरडा प्रवासीच करतात, आणि माणसं नाचली, दमली की बारवर विक्री वाढते, हा हिशोबही बोटवाल्याला पाठ असतो. दोष एकट्या बोटवाल्यावर टाकून चालणार नाही.

कलाकाराच्या बाजूने पाहिलं तर अडचण निराळी. जेवणाची बोट परत लागायला साडेदहा-अकरा होतात. त्यानंतर सासष्टीतल्या किंवा फोंड्याकडच्या गावी परतायला बस मिळणं कठीण. वाद्यं घेऊन भाड्याची गाडी केली की मिळकतीतला मोठा घास तिथेच गेला. तासाच्या फेऱ्यांवर नाचणारी मुलं-मुली एका संध्याकाळी तोच नाच तीन-चारदा करतात. शेवटच्या फेरीत त्यांचं हसू थोडं ताणलेलं दिसलं तर समजून घ्यावं.

म्हणून विचारायचं ते तिकिटाच्या खिडकीवर, हॉटेलातल्या एजंटाला नव्हे. एजंटाला बोटीवर काय चालतं ते माहीत नसतं, त्याला कमिशन माहीत असतं. खिडकीवरच्या माणसाला सरळ विचारायचं की आज वादक आहेत की ट्रॅकवर नाच आहे? घुमट, व्हायोलिन असेल का? डीजे किती वेळ? जेवण वरच्या उघड्या डेकवर की खाली बंद हॉलमध्ये? दारू आणि थंड पेयं तिकिटात धरली आहेत की वेगळी? उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या खिडकीवर जावं. मोठा गट असेल, तीस-चाळीस माणसांचा, तर आधी फोन करून मांडो किंवा देखणी समोर गायली जावी अशी मागणी करता येते. एवढ्या तिकिटांसाठी बोटवाला ऐकतो. लग्नाच्या पन्नाशीला, निवृत्तीला अख्खी बोट घेणारी कुटुंबंही आहेत. तिथे तर काय वाजवायचं ते पैसे देणाऱ्याच्या हातात.

जेवणाबद्दल थोडक्यात

फार अपेक्षा ठेवू नये. बुफे असतो, आणि देशभरातून आलेल्या गिऱ्हाइकाला चालेल असा असतो. पनीर, डाळ, जिरा राइस, एक चिकन, नूडल्स. गोव्याचं म्हणून एखादी माशाची कढी किंवा शागोती. अन्न बहुधा किनाऱ्यावर शिजवून आणतात आणि बोटीवर गरम ठेवतात, त्यामुळे तव्यावरची सुरमई वगैरे विसरावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा तर मासा बर्फातलाच. शाकाहारी माणसाची गैरसोय सहसा होत नाही, मात्र कांदा-लसूण न खाणाऱ्याने आधी सांगून ठेवावं. बुफे उघडला की सगळी बोट एकदम उठते. त्या वेळी वरच्या डेकवर जाऊन दहा मिनिटं नदी बघत बसावं, रांग ओसरते. त्या दहा मिनिटांत संगीतही थोडं खाली आलेलं असतं. बऱ्याच जणांना सगळ्या फेरीत आठवत राहतात ती हीच दहा मिनिटं.

वयस्कर माणसांना स्पीकरपासून लांब, कडेची खुर्ची द्यावी. ओहोटीला धक्का आणि बोट यांच्या उंचीत फरक पडतो, चढताना हात द्यायला कुणीतरी पुढे असावं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे फेरीचा शेवटचा भाग शांत जायला हवा.

लाइफ जॅकेट कुठे आहे?

करमणुकीच्या बोटीत बसताना हा प्रश्न लोक लाजतात म्हणून विचारत नाहीत. ७ मे २०२३ ला केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूर इथे पर्यटकांची बोट उलटली, २२ जण गेले, त्यांत मुलंच जास्त होती. क्षमतेहून अधिक माणसं आणि अंधार पडल्यावर काढलेली फेरी. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा लाइफ जॅकेटचा विषय पुन्हा निघाला. मांडवीवरच्या मोठ्या बोटी तानूरच्या बोटीपेक्षा कितीतरी भक्कम आहेत, तुलना थेट होत नाही. तरी नियम तोच. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१ चा नवा कायदा आहे, त्यानुसार बोटीची नोंदणी, तपासणी आणि प्रवाशांची कमाल संख्या ठरलेली असते. गोव्यात हे काम बंदर कप्तान खातं बघतं. क्षमतेचा आकडा बोटीवर लिहिलेला असतो. चढल्यावर तो बघावा, लाइफ जॅकेट कुठल्या कपाटात आहेत ते बघावं, मुलांना कठड्याजवळ एकटं सोडू नये. सगळी माणसं फोटोसाठी एकाच बाजूला धावतात तेव्हा खलाशी ओरडतात. ते उगाच ओरडत नाहीत.

परतीची वाट

साडेदहा-अकराला बोटीवरून उतरल्यावर त्याच रात्री बेळगाव गाठायचा विचार पुष्कळ जण करतात. अंतर चोर्ल्यामार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, म्हणून सोपं वाटतं. पण पोट भरलेलं, डोळे जड, पुढे घाटातली वळणं आणि पावसाळा-हिवाळ्यात धुकं. मुक्काम पणजीत करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीहून बेतीला जाणारी साधी फेरीबोट धरावी. हीच नदी, उजेडात, गोवेकरांच्या रोजच्या गर्दीत दिसते.

आणि ज्यांना गाणंच ऐकायचं आहे, बोट नसली तरी चालेल, त्यांनी सुट्टीची तारीख थोडी हलवावी. जानेवारीत कला अकादमीजवळच्या दर्या संगमावर लोकोत्सव भरतो, तिथे गावागावांतली पथकं येतात. शिमग्यात पणजी, फोंडा, म्हापशाच्या रस्त्यांवर रोमटामेळ निघतात, डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी असते. पौषात गावच्या मांडावर बायकांचा धालो रात्र-रात्र चालतो. तो कुणी तिकीट लावून दाखवत नाही, ओळख काढून जावं लागतं. चोर्ला उतरला की सत्तरीची ती गावं पणजीच्या आधीच लागतात.